दोघांची खोली

धाकट्याने बापाला मागून मिठी घालून जमिनीवरून उचलले, तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातला हातोडा सुटला आणि कपाटाची काच फोडून आतल्या कपबश्यांवर जाऊन पडला. बाप चौऱ्याहत्तर वर्षांचा, अंगावर मूठभर मांस उरलेले. पण पन्नास वर्षे लोखंड बडवलेला देह होता तो, सहजासहजी ऐकणारा नव्हता. त्याने टाच मागे झाडून धाकट्याच्या गुडघ्यावर मारली. मान वळवली आणि त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. धाकटा ओरडला नाही. त्याने बापाला तसेच उचलून आतल्या खोलीत नेले आणि खाटेवर आदळले.

"डावा हात सांभाळ त्यांचा," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा स्वतःचा डावा हात दंडापासून तळव्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात झोळी अडकवलेली. एवढा गोंधळ झाला, पण ती जागची हलली नव्हती.

भांडण एका कुलपावरून झाले. घराच्या मागच्या अंगाला भट्टीची खोली होती. म्हाताऱ्याने सगळा जन्म तिथे काढला. अर्ध्या गावाची फाटके, जिने आणि खिडक्यांचे गज त्या खोलीतून बाहेर पडले होते. सात वर्षांपूर्वी भट्टी विझली ती विझलीच. आज सकाळी धाकट्याने बाजारातून नवे कुलूप आणून त्या खोलीला लावले आणि घण, छिन्न्या, सांडश्या आपल्या गाडीत भरल्या. एक हातोडा तेवढा त्याच्या नजरेतून सुटला, कारण तो बापाच्या उशाखाली होता.

धाकटा बाहेर आला आणि त्याने खोलीला कडी घातली. मनगटावर दातांची कमान उमटली होती, मध्ये दोन दातांची जागा रिकामी.

"चारला गाडी येईल," तो म्हणाला. "तोवर राहू दे कडी."

आतून दारावर लाथ बसली. धाकट्याने फिरून बाहेरून तितकीच जोरात लाथ घातली. दोन्ही लाथांत फरक काढायचा म्हटला असता तर कठीण गेले असते.

"अरे, पुरे," थोरली म्हणाली. ती काचा गोळा करत होती. तीन तासांचा प्रवास करून ती सकाळी पोचली, अजून पिशवीही उघडली नव्हती, आणि आल्या आल्या हातात झाडू आला.

"तुला पुरे वाटतं, ताई. तू पाहुणी. मी इथे दोन गल्ल्यांवर राहतो. महिन्यातून चार वेळा शेजाऱ्यांचा फोन येतो. बाबा रस्त्यावर आलेत, बाबांनी कोणाच्या फाटकावर हातोडा मारलाय, बाबा म्हणतात हे फाटक माझं आहे."

"असेल त्यांचंच. त्यांनीच तर केलेलं असणार."

"हो ना. मग घेऊन जायचं का उचकटून?"

थोरलीला हसू आले. धाकट्याला आले नाही. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा त्याचा धंदा होता, आणि रस्त्यात आडवे आलेले काहीही साखळी लावून बाजूला करता येते असा त्याचा समज झाला होता. घरातली माणसेही त्यातून सुटत नसत.

हे सगळे तीन महिन्यांपूर्वी ठरले होते, आणि गोडीने ठरले होते. आईने एकटीने बापाला सांभाळणे आता होणार नाही हे सगळ्यांनाच दिसत होते. मुलांकडे राहायला दोघेही तयार नव्हते. पाहुणे म्हणून आठ दिवस ठीक, आई म्हणायची, नवव्या दिवशी आपणच आपल्याला नकोसे होतो. मग शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम सापडला. तिथे नवरा-बायकोसाठी वेगळ्या खोल्या होत्या. थोरली दोघांना घेऊन पाहायला गेली होती. तळमजला, दोन खाटा, बागेकडे खिडकी. म्हाताऱ्याने भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिले, दाराची बिजागरी हलवली आणि म्हणाला, "ही माझ्यापेक्षा म्हातारी आहे. पण चालेल." आईने खिडकीतून बाहेर बघितले आणि मान डोलावली. नाव नोंदवून झाले.

आणि गेल्या आठवड्यात आईचा हात मोडला. न्हाणीघरात पाय घसरला, असे तिने सांगितले. धाकट्याने तिला दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणले आणि एक्स-रेचा फोटो थोरलीला पाठवला. थोरली बावीस वर्षे इस्पितळाच्या प्लास्टरखोलीत होती. डॉक्टर हाड जुळवायचे, ती बांधायची. घसरलेला माणूस तळवा टेकतो आणि त्याचे मनगट जाते, हे तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने सांगितले असते. इथे मनगट धड होते. कोपर आणि मनगट यांच्या मध्ये हाड सरळ तुटले होते. असे हाड एकाच प्रकाराने तुटते. डोक्यावर काही येत असते आणि माणूस हात आडवा धरतो.

तिने धाकट्याला फोन केला. धाकट्याला एवढे पुरले. दुसऱ्याच दिवशी तो वृद्धाश्रमात जाऊन दोघांची खोली रद्द करून आला. आई बायकांच्या विभागात, बाप बंद विभागात.

थोरलीने तो बंद विभागही पाहिला होता, जाळीच्या दारातून. भिंतीला टेकून ओळीने बसलेली माणसे. खाटांना कापडी पट्टे. दिवसातून एक तास अंगणात, तेही दोन सेवकांच्या मध्ये. संडासाला आतून कडी नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या दारांना कड्या करून दिल्या त्याला तिथे ठेवायचे, हा विचार तिने पुन्हा पुन्हा केला आणि पुन्हा पुन्हा बाजूला सारला. आईचे हाड मोडले होते. त्यापुढे कड्यांचे काय.

धाकट्याला असला विचार शिवतही नव्हता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणत बापाने त्याला बडवला होता; कधी पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्याने. देवपण काही आले नाही. उजव्या कानाने ऐकू येणे तेवढे गेले. थोरलीच्या वाट्याला थपडा आल्या, पण कमी. आईवर त्याने लग्नानंतर एकदाच हात उगारला होता, आणि तेव्हा तिच्या हातात घण होता. पुढे त्याने तो नाद सोडला.

"आता तरी कळलं ना तुला?" धाकटा म्हणाला. "आईला इतकी वर्षं हात लावला नाही, म्हणून आपण गप्प बसलो. आता तेही उरलं नाही. आता त्यांना कोण समोर आहे तेच कळत नाही."

आई ओट्याशी उभी राहून एका हाताने चहा करत होती.

खोलीतला आवाज थांबला होता. थोरलीने कडी काढली तेव्हा बाप खाटेवर बसला होता, चिंधी गुंडाळलेला डावा हात छातीशी धरून. धडपडीत चिंधी सुटून लोंबत होती आणि तिच्यावर ताजे रक्त आले होते. फाटकात बोटे सापडली, असे फोनवर तिला सांगण्यात आले होते. तो कोणाला हात लावू देत नव्हता.

"बाबा, बघू."

"डॉक्टरीणबाई का?"

"हो," थोरली म्हणाली. मुलगी म्हणून हात मिळाला नसता.

त्याने हात पुढे केला. तिने चिंधी पाण्याने भिजवली आणि हळूहळू सोडवली. मधली दोन बोटे काळीनिळी होऊन फुगली होती. एकाचे नख गेले होते, दुसऱ्याचे टोक चपटे झाले होते. तिने दिवा जवळ ओढला. फाटकात सापडलेले बोट तिने कितीतरी वेळा बांधले होते. त्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसलेला असतो. इथे खालची बाजू सपाट दबली होती आणि वरून एकच घाव आला होता, दोन्ही बोटांवर एकदम, आणि त्याला सरळ काठ होता. म्हाताऱ्याचा हातोडा तिने मघाशीच कपाटातून काढला होता. त्याचे तोंड गोल होते आणि रुपयाएवढे होते.

"हे काय करताना झालं?"

"काम करताना."

"कोणी केलं?"

"कोणी म्हणजे?" म्हातारा जरा चिडला, आणि मग त्याचा चेहरा निवळला. त्याने फुटलेली बोटे दिव्यासमोर धरली आणि एखाद्या गिऱ्हाइकाला माल दाखवावा तशी फिरवून दाखवली. "घाव बघा कसा बसलाय. सरळ. माझ्या हाताखाली चार गडी येऊन गेले, पण तिच्यासारखा घाव कोणाचा नाही."

थोरलीने बोटे धुतली, पट्टीच्या दोन तुकड्यांमध्ये बांधली. एक्स-रे काढावाच लागणार होता. त्याने कळ काढली, ओठ आवळले, पण हात मागे घेतला नाही. पट्टी बांधून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोरली बाहेर आली, दाराला कडी पुन्हा घातली आणि तिने धाकट्याकडे भट्टीच्या खोलीची किल्ली मागितली.

"कशाला?"

"आईला एकदा बघायचीय म्हणते," थोरली म्हणाली. आई असे काही म्हणाली नव्हती. पण तिने चहाचे पातेले खाली उतरवले आणि मुकाट्याने थोरलीच्या मागे चालू लागली.

खोलीत अजून कोळशाचा वास होता. हत्यारे गेल्यामुळे भिंती उघड्या पडल्या होत्या, मध्ये ऐरण तेवढी उरली होती. ती एकट्याने उचलणे धाकट्यालाही जमले नसते. ऐरणीच्या पाठीवर काळपट डाग होता, आणि तो गंज नव्हता.

"आई, तू मारलंस."

आई उंबऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यावर बसली. तिने गळ्यातली झोळी नीट केली.

"तीन वाजले की ह्यांना सुचत नाही काही," ती म्हणाली. "येरझाऱ्या सुरू होतात. मग भांडी फेकायची, दार उघडून सुटायचं. मी एकटी कुठे कुठे धावू? एक दिवस म्हटलं, चला, काम करू. इथे आणलं. भट्टी नाही, काही नाही. गार सळई ऐरणीवर ठेवली. ह्यांनी हातोडा घेतला, मी घण घेतला. तासभर ठोकलं. मग गप जेवले आणि झोपले."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"रोज?"

"रोज. तुम्हाला सांगितलं असतं तर आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं असतं."

थोरलीने लहानपणी हे काम पाहिले होते. बाप डाव्या हातातल्या सांडशीत लोखंड धरायचा, उजव्या हातातल्या हातोड्याने ते जिथे दाबायला हवे तिथे हलकेच टकटक करायचा, आणि समोरून आई त्याच जागी घण घालायची. टक, धाड. टक, धाड. हातोडा सांगायचा आणि घण ऐकायचा. त्या वेळात बोलणे शक्य नव्हते, कोणी एकमेकांच्या तोंडाकडे बघतही नसे. बघत बसले की लोखंड गार होते.

"त्या दिवशी सळई निसटली," आई म्हणाली. "ह्यांनी सांडशी टाकली, हातानंच ती सरळ केली. हात तिथेच राहिला. आणि हातोडा टेकवला."

"कुठे?"

"हातावर. स्वतःच्याच."

थोरली ऐरणीकडे बघत राहिली.

"आणि तू घण घातलास."

"चाळीस वर्षं टेकवलं तिथे घातलाय गं. मग ह्यांनी ओरडून हातोडा फिरवला, मी हात मध्ये धरला." तिने प्लास्टरवरून बोट फिरवले. "एवढंच झालं."

एवढेच झाले होते. थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. बापाने आईला मारले नव्हते. बोटे चेचल्यावर माणूस हात फिरवतोच, राजा असो की रंक. हा गुन्हा नव्हता, रोग नव्हता; ही हाताला लागलेली सवय होती, आणि ऐरण, घण आणि हातोडा यांच्याशिवाय ती कोणाचे काही बिघडवू शकत नव्हती. वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत यातले काहीच नव्हते. तिथे एक खिडकी होती आणि दोन खाटा होत्या.

"तू हे आधी का नाही सांगितलंस? आपण बाबांना बंद विभागात टाकायला निघालो होतो."

"मला वाटलं, तिथे तरी ते नीट राहतील."

या उत्तराचा अर्थ थोरलीने विचारला नाही. ती तेव्हा घाईत होती. साडेतीन वाजून गेले होते.

धाकट्याने सगळे ऐकून घेतले. मग त्याने भिंतीवर मूठ मारली, आणि गिलाव्याचा एक पापुद्रा खाली आला.

"म्हणजे आता बाबा निर्दोष. वा."

"निर्दोष कोण म्हणतंय? पण हे त्यांनी केलं नाही."

"आई त्यांना वाचवतेय, ताई. जन्मभर तेच केलं. माझ्या कानाचं झालं तेव्हा दवाखान्यात काय सांगितलं होतं तिनं, आठवतं? झाडावरून पडला म्हणून."

थोरलीला आठवत होते. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि झाडाचे नाव काय असे डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने रडत रडत आईकडे पाहिले होते.

"मी त्यांची बोटं बघितली," ती म्हणाली. "यात मला फसवता येत नाही."

"आणि पुढच्या वेळी तिचं डोकं फुटलं तर? तेही बांधशील?"

"तिथे हातोडा नाही रे."

धाकटा बराच वेळ मनगट चोळत राहिला. "कर तुला काय करायचं ते," तो शेवटी म्हणाला. "माझं काय. मला अर्धं तर ऐकूच येत नाही." तो दारातल्या पायरीवर जाऊन बसला, घराकडे पाठ करून.

गाडी चारला पाच मिनिटे असतानाच आली. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई उतरल्या, मागून दोन दणकट सेवक. एकाच्या खांद्यावर कापडी पट्टा होता. बाहेरचे आवाज ऐकून म्हातारा उठला असावा. बाई बैठकीत टेकतात न टेकतात तोच आतल्या दारावर स्टुलाचा पहिला ठोका पडला. मग दुसरा. तिसऱ्या ठोक्याला फळी तडकली. सेवक पुढे सरसावले, एकाने कडी काढली, आणि म्हातारा स्टूल डोक्यावर धरून बाहेर आला. ते त्याने पहिल्याच्या खांद्यावर घातले. दुसऱ्याने त्याला कमरेत धरून भिंतीवर दाबले, गाल गिलाव्याला घासला, पट्टा अर्धा गुंडाळला गेला.

"अहो," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाहुणे आलेत."

म्हाताऱ्याने स्टूल खाली ठेवले. "बसा," तो सेवकांना म्हणाला, आणि स्वतःच त्या स्टुलावर बसला. खांदा चोळणाऱ्या सेवकाला हसावे की नाही ते कळेना.

बाई अनुभवी होत्या. त्यांनी पट्टा सोडायला सांगितला, पाणी मागितले, फाइल उघडली. थोरलीने त्यांना सगळे सांगितले. घणाचे, हातोड्याचे, गार सळईचे. बाईंनी मध्ये एकदाही टोकले नाही.

"दोघांची खोली अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "मला आवडेलच. जोडपं एकत्र असलं की दोघंही जास्त खातात, आमचा अनुभव आहे. आणि हे आजींचं ऐकतात, ते मी आत्ता पाहिलं. फक्त मला लेखी हवं." त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवले. "जोडीदारास इजा करण्याचा संभव. इथे तुम्ही 'नाही' लिहा आणि खाली सही करा. दोघांच्याही सह्या लागतील. उद्या काही झालं तर मी कोर्टात उभी राहणार नाही."

थोरलीने 'नाही' लिहिले. बावीस वर्षांत तिने एवढ्या खात्रीने क्वचितच काही लिहिले असेल. म्हाताऱ्याने उजव्या हाताने सही केली, जुनी, वळणदार, खाली दोन रेघा ओढून. मग कागद आईपुढे गेला. आईने पेन घेतले. रकाना वाचला. ओठ हलवत परत वाचला.

"जरा आत ये," ती थोरलीला म्हणाली.

स्वयंपाकघरात चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. आईने दार ओढून घेतले.

"ती खोली नको."

"आई, आता काय झालं? तिथे घण नाही, ऐरण नाही. कोणाच्या हातात काही येणार नाही."

"उशी असेल ना?"

थोरलीला समजले नाही. समजले नाही असे तिने क्षणभर धरून ठेवले.

"तू बघितलं नव्हतंस ना?" तिने विचारले. "हात होता ते? तुझी नजर हातोड्यावर होती. तूच म्हणालीस."

"मी तसं नाही म्हणाले. तू तसं ऐकलंस." आईने ओट्याला पाठ टेकली. "बघितलं होतं. घण वर होता तेव्हाच बघितलं. थांबवता येतो गं, एवढ्या वर्षांनी न थांबवता यायला काय झालं? बाजूला टाकता येतो. मी कितीदा टाकलाय."

बाहेर बाई सेवकाला काहीतरी सांगत होत्या. म्हातारा कोणाला तरी विचारत होता की तुमचं फाटक कोणी केलं.

"मग?"

"मग काही नाही. ह्यांनी सांगितलं, मी घातला." तिने चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवले. "आणि बरं वाटलं."

"आई."

"बरं वाटलं गं. तुझ्यापाशी काय लपवायचं. ह्यांनी हातोडा फिरवला, माझं हाड मोडलं, तरी आत बरंच वाटत होतं. रात्री ह्यांना दूध पाजलं, पाय चेपले, तेव्हाही. मी कोणाकोणासाठी मारला ते मला सांगता येणार नाही. पण घाव होता माझ्यात, इतकी वर्षं होता, मला ठाऊकच नव्हता." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "पुन्हा तसं वाटावंसं वाटलं तर मी काय करू? दोघांच्या खोलीत कोण बघायला येणार?"

थोरलीने आईचा धड हात धरला. तो तिला वर्षानुवर्षे ओळखीचा होता, तळव्यावर घट्टे पडलेला, पुरुषाच्या हातापेक्षा रुंद. तिला तो सोडावासा वाटला, आणि तिने तो सोडला नाही. या हाताची तिला भीती वाटत होती, आणि याच हाताची आयुष्यभर कीव केली याचा राग येत होता.

दोघी बाहेर आल्या. थोरलीने कागद ओढून घेतला आणि 'नाही'वर काट मारली.

"वेगवेगळं ठेवा," ती म्हणाली.

पायरीवर बसलेला धाकटा वळला. त्याला एवढे मात्र ऐकू आले होते. "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," तो म्हणाला, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, नुसता थकवा होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हरकत नाही. मग काट मारून भागायचं नाही, या रकान्यात नाव लिहावं लागेल. ज्याचं नाव येईल त्याला बंद विभागात. नियम आहे, माझ्या हातात नाही." त्या म्हाताऱ्याकडे बघून किंचित हसल्या. म्हाताराही नम्रपणे हसला. "साहेबांचंच ना?"

"बाबांचं," धाकटा म्हणाला.

"माझं लिहा," आई म्हणाली.

धाकटा उठून उभा राहिला. "बघा. बघा, मी सांगत होतो. अजूनही त्यांना वाचवतेय. ताई, हिला आवर."

थोरली आईकडे बघत होती.

"आजी," बाई समजुतीने म्हणाल्या, "तुमचं मन कळतं मला. पण तुमचा तर हात मोडलाय."

"एक मोडलाय," आई म्हणाली.

बाईंचे पेन कागदावर टेकलेले तसेच राहिले. त्यांनी आधी सेवकांकडे पाहिले, मग धाकट्याकडे, आणि शेवटी थोरलीकडे.

"लिहा," थोरली म्हणाली.